तुपासकट पंधराशे

नागपूरच्या डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "किडनी उत्तम आहे. देता येईल. पण तुमचं वजन दहा किलो जास्त आहे, ते आधी उतरवा. आणि उपाशी राहून उतरवू नका. हिमोग्लोबिन घसरलं तरी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

शेजारच्या खुर्चीत दादा बसला होता. माझा सख्खा मोठा भाऊ, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर जाणारा. बाहेर आल्यावर म्हणाला, "मले वाटलं तू कमी पडशीन. तू तं जास्त होऊन राहिली!"

अमरावतीच्या परतीच्या बसमध्ये मी कामाला लागले. प्रश्न सरळ होता: रोज किती खायचं? फार खाल्लं तर वजन उतरायला उशीर, तोवर दादाचे हाल. फार कमी खाल्लं तर रक्त घसरणार आणि मीच नापास. मधला आकडा काढायचा होता.

आकडे मला नवीन नव्हते. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. नांदगाव खंडेश्वरकडची गावं माझ्याकडे होती. कोणत्या वयाच्या पोराला, कोणत्या गरोदर बाईला दिवसाला किती कॅलरी लागतात, ते तक्ते तोंडपाठ होते. सगळे वजन वाढवण्याचे. उतरवण्याचा तक्ता सरकारने आम्हाला कधी दिला नाही, तशी वेळच आमच्या गावांत आली नव्हती. तरी हिशेब तोच, फक्त उलटा लावायचा.

आधी आठवडाभर नेहमीसारखं जेवले आणि प्रत्येक घास लिहून काढला. बेरीज रोजची बावीसशेच्या आसपास गेली. वजन उतरवायचं म्हणजे भाकर तोडायची, असं आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं. माझ्या यादीत भाकर निर्दोष निघाली. खरं वजन तेलात होतं. भाजीवरची तर्री, ठेच्यावर घेतलेलं कच्चं तेल, खिचडीवर पुन्हा तेल. वऱ्हाडात हे वरून घेतलेलं तेल जेवणात कोणी धरतच नाही.

रोज पाचशे कमी केले तर पाच महिने. हजार कमी केले तर निम्म्या वेळात काम. मी बाराशे लिहिले आणि यादी गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवली.

स्वयंपाकघर तेव्हा वहिनीकडे होतं. धामणगावला दादाची कापूस-धान्याची अडत. त्या वर्षांत बाजारात माल थोडा आणि भाव त्याहून पडलेला, त्यात हे आजारपण. दुकानाला कुलूप लावून दोघं अमरावतीला माझ्याकडे आले होते. मी एकटी, घर मोठं. वहिनीने यादी वाचली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे कोन्या पाखराचं जेवन हाय?"

"माझं."

"आन् याच्यावर तुमी बारा गावं फिरसान?"

"फिरते बघा."

पहिले तीन किलो चटकन गेले. मग काटा थांबला. आरोग्य केंद्राचा काटा तपासून घेतला, ठीक होता. ज्वारीचं पीठ पुन्हा मोजलं, ठीक होतं. त्याच सुमारास एकदा डायलिसिस चालू असताना दादाचं ब्लडप्रेशर एकदम पडलं. नर्सने पाय उंच केले, मशीन थांबवलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं मला विचारलं, "किती झालं वजन?" मी त्याला खरं सांगितलं नाही. घरी आले आणि बाराशे खोडून हजार केले. दुपारचा डबा बंद. आमच्या तक्त्यात हा आकडा पाच वर्षांच्या पोरालाही पुरत नाही, हे मला माहीत होतं. पण काटा हलत नाही म्हणजे आकडाच मोठा आहे, असं मी धरून चालले.

पंधरवड्याने एका गावात पोषण आहार वाटपाच्या दिवशी मी रजिस्टर तपासायला उभी होते. डोळ्यांपुढे अंधार आला. डोळे उघडून पाहते तर मी सतरंजीवर, तोंडावर पाणी, आणि अंगणवाडी सेविका तळहातावर गूळ-शेंगदाणे धरून.

"खा मॅडम आधी. तुमचंच कुपोषण झालं नं!"

ओळीत बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "काहून पडली थे?"

"उपाशी हाय, आजी."

"पगार थकला असन बिचारीचा."

"पगार बरोबर हाय. ठरवून उपाशी हाय."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. त्या वर्षी त्या गावात कित्येक घरी रात्री बाई शेवटी जेवायची आणि उरलं तेवढंच जेवायची. माझ्याच भेटींच्या अहवालात तसं लिहिलेलं होतं. म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "लोकायचं काई सांगता येत नाई, बाप्पा." मी शेंगदाणे खाल्ले.

येताना रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन घसरलं होतं. म्हणजे वजनही उतरत नाही आणि रक्तही टिकत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी वहिनीला सगळं सांगितलं. दादा पुढच्या खोलीत पलंगावर होता, त्यालाही ऐकू जात होतं.

वहिनीने पळी खाली ठेवली. पदराने हात पुसले.

"बाई, तुमचा हिशेब बरोबर हाय. म्याच तुमच्या वरनात तूप टाकून राहिली."

"कधीपासून?"

"तुमचा चेहरा उतरला तवापासून. भाजीत कूट बी टाकते. वरून तेलाची एक पळी जास्त."

"काहून पण, वहिनी?"

"मंग काय करू? तुमी आमाले अंगातला तुकडा काढून देऊन राहिल्या, आन् म्या तुमाले कोरडं वाढू? माह्या हातानं?"

पुढच्या खोलीतून आवाज आला, "म्हंजे मले किडनी साजूक तुपातली भेटन?"

"तुमी चूप राहा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

मला राग आला होता, नाही असं नाही. जवळजवळ दोन महिने फुकट गेले होते आणि ते दादाचे होते. पण रागावून काटा हलणार नव्हता. मी पाटावर बसले, वहिनीला समोर बसवलं आणि तिने काय-काय, कशाने किती घातलं ते विचारत गेले. तूप, कूट, तेल धरून रोजचे हजारभर सहज निघाले, म्हणजे मी जवळजवळ जुन्याच बावीसशेवर होते. दिवसभर मी उपाशी, रात्री तेवढं पोटात. चक्करही खरी आणि थांबलेला काटाही खरा.

मी शरीराचा हिशेब नीट केला होता, घराचा धरलाच नव्हता. वहिनी तूप घालणार. बंदी केली तर चोरून घालणार. तेव्हा आधी तिचं तूप मांडायचं आणि बाकीचं जेवण त्याभोवती बसवायचं, असं मी ठरवलं. दोन भाकरी, त्यातली एक दुपारच्या डब्यात. वरण, दही, रोज एक पालेभाजी रक्तासाठी. भाजीचं तेल चहाच्या चमच्याने. आणि रात्रीच्या वरणावर एक चमचा तूप. बेरीज पंधराशे आली. यावर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरेल आणि मला एसटीच्या थांब्यापासून गावापर्यंत चालताही येईल. उशीर होईल, पण डॉक्टर परत पाठवणार नाहीत.

"तूप तुम्हीच वाढायचं," मी वहिनीला सांगितलं. "पण एकच चमचा."

"सपाट का भरून?"

"सपाट."

"जरासा वर?"

"सपाट, वहिनी."

त्या दिवसापासून माझ्या ताटाची सगळी जबाबदारी तिने घेतली आणि ती माझ्याहून कडक निघाली. कार्यालयातल्या एका निरोप समारंभात मी दोन गुलाबजाम खाऊन आले, तर रात्री तिने माझ्या ताटात नुसतं दही आणि मेथी वाढली. दादा म्हणाला, "आता समजलं का तुले, म्या इतकी वर्सं कोनाच्या राज्यात राहिलो?"

पुढच्या खेपेला आम्ही तिघं नागपूरला गेलो. दहा किलो काही भरले नाहीत, नऊच्या थोडे वर उतरले होते. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन पाहिलं, मग वजन, मग मला. म्हणाले, "चालेल."

दादाने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वहिनी मात्र पुढे सरकली.

"साहेब, आता चारू का बाईले पोटभर?"

"एक किडनी दिल्यावर यांनी वजन कायम आटोक्यात ठेवायचं आहे," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर."

वहिनीचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "मंग आता किती?"

मी तिथेच बसून मांडलं. उतरवायचं नाही, टिकवायचं, फिरतीचं काम, वय वाढणार. "अठराशे," मी म्हटलं.

"दोन हजार," वहिनी म्हणाली.

डॉक्टर वही पुढे ओढून तारीख शोधत होते. पान उलटता उलटता थांबले आणि आमच्याकडे पाहत राहिले. एकोणीसशेवर तडजोड झाली. ऑपरेशनची तारीख त्यानंतर ठरली.