बाईंनी दिलेले दोन

रेडिऑलॉजी विभागात त्यांना सगळे 'बाई' म्हणत. तिथे आणखी डॉक्टर होते, त्यांतल्या दोघी बायकाच होत्या. पण 'बाईंना विचारा' म्हटलं की कुणाला विचारायचं हे लादी पुसणाऱ्या मावशींनाही कळायचं. बाईंची हयात त्या अर्धवट अंधाऱ्या खोलीत, पडद्यांसमोर गेली होती. नजर तयार, बोलणं रोखठोक, आणि जीभ जरा धारदार. शिकाऊ डॉक्टर त्यांना घाबरत आणि त्यांच्याच शेजारची खुर्ची पकडायला धडपडत.

प्रोस्टेटचे एमआरआय हा त्यांचा खास प्रांत. अक्रोडाएवढी ही पुरुषांची ग्रंथी, वय झालं की फुगते, कधी सुजते, आणि कधी तिच्यात कॅन्सर धरतो. पंचाईत अशी की पडद्यावर सूजही काळसर दिसते आणि कॅन्सरही काळसरच. कुठला काळसरपणा कसला, हे बघून एक ते पाच आकडा द्यायचा. एक-दोन म्हणजे काळजी नको. चार-पाच म्हणजे सुईने तुकडा काढून तपासा. तीन म्हणजे बघणाराच डोकं खाजवतोय. बाई तीन क्वचितच देत. "तळ्यात-मळ्यात करायला मला पगार देत नाहीत," असं त्या म्हणत.

त्यांच्या हाताखाली शिकलेला नव्हे, पण त्यांच्यानंतर आलेला एक डॉक्टर विभागात होता. हळू बोलायचा, एका स्कॅनला बाईंच्या दुप्पट वेळ लावायचा, आणि जिथे बाईंना सूज दिसे तिथे त्याला बऱ्याचदा संशय येई. एका दुपारी चहा आला होता, खोली भरलेली होती, आणि बाई कुणा एका गृहस्थांचा स्कॅन बघत होत्या. तो कप घेऊन त्यांच्या मागे थांबला.

"मॅडम, डावीकडे, खालच्या बाजूला, जरा काळं वाटतंय का?"

बाईंनी मान वळवली नाही. "तुम्ही आता आडनाव बदलून काळे करून घ्या. सगळं काळंच दिसतं तुम्हाला."

खोली हसली. तोही हसला आणि आपल्या जागी जाऊन बसला. बाईंनी त्या स्कॅनला दोन दिले, खाली लिहिलं, 'जुनी सूज', आणि पुढचा स्कॅन उघडला. डॉक्टरचं नाव मात्र त्या दिवसापासून काळेच पडलं. शिपाईसुद्धा त्यांना काळे साहेब म्हणू लागला.

दीडेक वर्ष गेलं. मग एकदा प्रोस्टेटचे सर्जन विभागप्रमुखांकडे येऊन बसले आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. पण तुमच्याकडे पेशंटचं नशीब टेबलावर ठरतं. बाईंच्या टेबलावर गेला तर घरी, काळ्यांच्या टेबलावर गेला तर माझ्या सुईखाली. मी कुणाचं ऐकायचं?"

प्रमुखांनी ते मनावर घेतलं. जुने स्कॅन काढायचे, नावं झाकायची, आणि सगळ्यांनी वेगवेगळं बसून पुन्हा आकडे द्यायचे असं ठरलं. बाईंची काही हरकत नव्हती. काळे कसे भलतीकडेच संशय घेतात हे एकदाचं चव्हाट्यावर येईल, असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी रोज जेवणानंतर बसून आपला वाटा पुरा केला.

आकडे जुळवून झाल्यावर प्रमुखांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमचं आणि काळ्यांचं जुळत नाही हे माहीतच होतं," ते म्हणाले. "पण मॅडम, पाचातल्या एका स्कॅनला तुमचं तुमच्याशीच जुळत नाहीये."

बाई हसल्या. मग हसणं ओसरलं.

"हे कुणाचंही होतं," प्रमुख म्हणाले. "माझंही झालंय. बहुतेक ठिकाणी दोनाचे तीन, तीनाचे चार, असला फरक आहे. एकच जरा मोठा आहे." त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "आत्ता तुम्ही याला चार दिलेत. पहिल्यांदा दोन दिले होते."

डावीकडे, खालच्या बाजूला. बाईंना तो स्कॅन आठवला नसता. पण 'जुनी सूज' हे दोन शब्द वाचले आणि चहाचा वास, ते हसणं, मागे कप धरून उभा राहिलेला माणूस, सगळं एकदम समोर आलं.

"यांचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पुढे आलेच नाहीत. काळजी नाही म्हटल्यावर कोण येतं? सर्जनच्या ऑफिसातून फोन करवतो. नेहमीची तपासणी म्हणून बोलावून घेऊ."

"नको. मी करते."

"मॅडम, उगाच ओढवून घेऊ नका. आधी बघू तरी काय निघतंय."

"सर, दोन मी दिलेत," बाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी घरी सगळं सांगितलं. नवरा निवृत्त इंजिनिअर, कुठल्याही बिघाडाचं कारण सापडेपर्यंत चैन न पडणारा. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, त्या दिवशी तू दमलेली असशील. तुझ्या आईचं आजारपण चाललं होतं ना तेव्हा?"

"ते नंतर."

"मग डोळ्यांचं काही? चष्म्याचा नंबर बदलला होतास."

"तोही आधीच बदलला होता. अहो, मी सगळं आठवून बघितलं. झोप झाली होती, डोकं दुखत नव्हतं, कामाचा ढीग नव्हता. चांगला दिवस होता तो." त्या ताटाकडे बघत राहिल्या. "त्याने दाखवलं होतं मला. नेमकी जागा सांगितली होती. मी हसवलं लोकांना."

नवऱ्याने मग कारण शोधायचं सोडलं.

ते गृहस्थ पोहायला शिकवणारे मास्तर निघाले. साठी ओलांडलेले, खांदे अजून रुंद, आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. बायकोला घेऊन आले. बाईंनी सर्जनच्या खोलीत न भेटता त्यांना आपल्या पडद्यांच्या खोलीत आणलं, दोन खुर्च्या ओढून दिल्या, आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरल्या.

"तुमचा जुना स्कॅन मीच बघितला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला सूज म्हटलं. परवा पुन्हा बघितला, तेव्हा मला तिथे कॅन्सरचा संशय आला. तेव्हाच यायला हवा होता."

मास्तरांना आधी कळलं नाही. "म्हणजे आता नवीन काही झालंय?"

"तेच आहे. मी चुकले."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने पर्स मांडीवरून उचलून पोटाशी धरली. "आम्ही पेढ्यांसारखा रिपोर्ट वाटला हो घरोघर," ती म्हणाली. "काही नाही म्हणून."

"दुसऱ्या कुणी बघितला असता तर?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या एका सहकाऱ्यांना तेव्हाच संशय आला होता. त्यांनी मला बोलूनही दाखवलं. मी ऐकलं नाही."

मास्तरांनी पुढे काय करायचं तेवढं विचारून घेतलं आणि उठले. बायकोने पर्स खांद्याला लावली आणि ती त्यांच्या मागे निघाली.

तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. नव्या एमआरआयमध्ये तो ग्रंथीच्या कडेला टेकलेला दिसत होता, बाहेर पडलेला नव्हता. मास्तरांचं ऑपरेशन झालं. बाईंनी सर्जनना जिन्यात गाठून विचारलं, "दीड वर्षापूर्वी सापडला असता तर ऑपरेशन टळलं असतं?"

"कदाचित," सर्जन म्हणाले. "कदाचित नसतंही टळलं. ग्रंथीला चिकटलेली डावीकडची नस मला वाचवता आली नाही, ती तेव्हा वाचली असती असं वाटतं. पण वाटणं ते वाटणंच."

तो 'कदाचित' बाईंना रात्रंदिवस खात राहिला. सरळ हो म्हटलं असतं तर निदान अपराधाचं माप तरी कळलं असतं. ऑपरेशननंतर मास्तरांना लघवी धरवत नव्हती. पाण्यात उतरणं बंद झालं. ते काठावर खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच ओरडून शिकवत, असं बाईंना कळलं. एकदा त्या तलावापर्यंत गेल्याही. फाटकाच्या जाळीतून तो आवाज ऐकला, "पाय सरळ, गुडघे मोडू नका." आत जायचा धीर झाला नाही. जाऊन सांगणार तरी काय होत्या?

कामातही त्यांचा हात बिघडला. आता जिथे तिथे चार. सर्जन पुन्हा कुरकुरू लागले, की आता बाईंच्या टेबलावरूनही सगळे माझ्याच सुईखाली येतायत, आणि निम्म्यांत काहीच निघत नाही. त्या माणसांना टोचलेल्या सुयांचाही हिशेब आपल्याच माथी, हे बाईंना कळत होतं, पण दोन लिहायला बोट वळत नव्हतं.

शेवटी एका सकाळी, बाकीचे यायच्या आत, त्या काळ्यांच्या टेबलापाशी गेल्या. त्यांना त्यांच्या खऱ्या आडनावाने हाक मारली. ते चमकून उठले. विभागात ते नाव विसरल्यासारखंच झालं होतं.

"त्या दुपारी मी तुमची थट्टा केली," बाई म्हणाल्या. "मास्तरांच्या स्कॅनवर. तुम्हाला आठवत नसेल."

"आठवतंय, मॅडम."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "काय बोलणार? सगळे हसले आणि मी मूग गिळून बसलो. परत येऊन म्हणू शकलो असतो, की मॅडम, हसून झालं, आता एकदा नीट बघू. मला वाटलं, बाई म्हणतायत म्हणजे सूजच असेल. खरं सांगायचं तर मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं." त्यांनी चष्मा परत चढवला. "फक्त तुम्हालाच झोप लागत नसेल असं समजू नका."

बाईंना उलट हे ऐकून जास्तच वाईट वाटलं. आपल्या एका वाक्याने दोन माणसांचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटलं. त्या त्यांच्या शेजारी बसल्या. त्या दिवसापासून दोघं आपापले आकडे आधी वेगळे काढत, एकमेकांना न दाखवता, आणि जुळले नाहीत तर तो स्कॅन एकाच पडद्यावर घेऊन भांडत. प्रमुखांनी पुढे तोच नियम केला. बाईंचा हात हळूहळू ताळ्यावर आला. आता त्या तीनही देऊ लागल्या.

मास्तरांनी सर्जनकडे निरोप ठेवला होता, की माझे कागद यापुढे त्या दुसऱ्या डॉक्टरांनीच बघावेत. बाईंना तो समजला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." मास्तरांचा कुठलाही स्कॅन आला की त्या उठून बाहेर जात.

पुढच्या वर्षी एकदा दुपारी त्या सज्जात उभ्या असताना काळे बाहेर आले. अजूनही बाई सोडून बाकी सगळे त्यांना काळेच म्हणत.

"मास्तर येऊन गेले," ते म्हणाले. "रक्तात आता कॅन्सरची खूण सापडत नाही. लघवी गळणंही बरंच थांबलंय. परवा पाण्यात उतरले होते म्हणे, उथळ बाजूला."

बाईंनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही मला हे सांगताय, त्यांना चालेल?"

"विचारलं मी त्यांना, बाईंना सांगू का म्हणून."

"मग?"

"जरा विचार केला त्यांनी. मग म्हणाले, सांगा."

बाईंनी मान हलवली. बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं, आणि आत जाऊन पुढचा स्कॅन उघडला.