सासरवाडीची विहीर आणि परदेशी पाहुणे

पृथ्वीच्या भवितव्याची काळजी ज्या मोजक्या माणसांनी मनापासून वाहिली, त्यांत माझ्या साडभाऊंचं, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचं, नाव घ्यावंच लागेल. ते अमरावतीला, राजापेठेत, मंडप-डेकोरेशनचा धंदा करतात.

हा नाद त्यांना लागला तो हवामानबदलावरच्या एका परिषदेत. मंडप त्यांचा होता. खुर्च्या चोरीला जाऊ नयेत म्हणून ते शेवटच्या रांगेत बसून राहिले आणि उठले ते जाणकार होऊनच. तेव्हापासून अकोल्याला माझा फोन चहाच्या आधी वाजू लागला. "भाऊ, हवा तापोली त्या परदेशी लोकायनं, इहीर आटली आपली. मंग भरपाई कोन देईन? तुमी?" मी देणार नव्हतोच, पण प्रश्न बिनतोड होता. परिषदेतला 'रेझिलियन्स', म्हणजे संकटात तग धरण्याची ताकद, हा शब्द तर त्यांनी खुर्च्यांबरोबरच घरी आणला असावा. चांदूर बाजारच्या एका लग्नात वावटळीनं त्यांचा अख्खा मंडप शेजारच्या शेतात नेऊन टाकला, तेव्हा नवरीच्या बापाला ते शांतपणे म्हणाले, "काका, कापड गेलं, पन बांबू उभे हायेत. याले रेझिलियन्स म्हनतात." काकांनी त्यावर काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

'आपली' विहीर म्हणजे आम्हा दोघांच्या सासरवाडीची, अंजनगाव सुर्जीजवळची. शेतीचं सगळंच बिनसत चाललेली ती वर्षं. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायचा आणि गाव टँकरची वाट पाहत बसायचं. वरचा नाला खोल करून बांध घातला तर विहीर उन्हाळाभर टिकेल, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बांध कोण घालणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साडभाऊंनी ठरवलं, परदेशी निधी घालेल. मग मंडपात येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला खुर्ची देता देता ते विहीर सांगू लागले, आणि काय आश्चर्य, एका परदेशी मॅडमचं शिष्टमंडळ ऐन मे महिन्यात गावात यायला तयार झालं.

"भाऊ, येऊन राहिले," फोनवर त्यांचा आवाज मावत नव्हता. "इहिरीच्या तळाले भेगा पडल्या, त्याच दाखोतो. मॅडम रडलीच पायजे."

आम्ही पाहुण्यांसह पोचलो. अंगणं सारवलेली, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा वास सुटलेला, आणि विहीर काठोकाठ भरलेली.

साडभाऊ बघतच राहिले. सासूबाईंना बाजूला घेऊन त्यांनी कुजबुजत विचारलं, "हे काहून केलं, मामी?"

"काहून म्हंजे? जवायाचे पाव्हणे पयल्यांदा गावात आले, अन त्यायले कोरडी इहीर दाखवू? गावानं वर्गणी केली, कालपासून टँकर रिकामे करून राहिलो. नाक कापून घ्याचं काय आमी?"

तेवढ्यात मॅडमनी विहिरीत वाकून पाहिलं आणि पुण्याहून आणलेल्या दुभाष्यामार्फत विचारलं, "इतक्या उन्हात इतकं पाणी? हे कसं साधलं?"

साडभाऊंनी तोंड उघडलं. समोर सासूबाई पदर सावरून उभ्या होत्या, लेकीचं लग्न नीट पार पडल्यावर असतो तशा चेहऱ्यानं. साडभाऊंनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "रेझिलियन्स, मॅडम."

परतताना, अमरावती जवळ आल्यावर, अखेर मीच म्हटलं, "खरं सांगून टाकायचं होतं."

"सासूचं नाक कापून पानी आनू काय, भाऊ?"

निधी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात गेला, आणि तिथल्या विहिरी खरोखर कोरड्या होत्या असं ऐकतो. साडभाऊंचा फोन आता चहानंतर येतो, तोही तब्येत विचारायला. आमचं गाव मात्र मॅडमच्या अहवालात आदर्श ठरलं. ते पाहायला अधूनमधून परदेशी पाहुणे येतात. मंडप साडभाऊंचाच असतो. आदल्या दिवशी तहसील कचेरीतून टँकर येऊन विहीर भरून जातात, आणि पाहुण्यांची गाडी वळली की बाया ते पाणी घरी भरून नेतात.