पाणी मागणारी झाडं

माझे सासरे पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. एकतीस वर्षं पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे आणि गल्लोगल्ली पाणी सोडायचे. निवृत्तीनंतर सोडायला काही उरलं नाही. नेमकी तेव्हाच मी गच्चीत सक्युलंटची बावीस रोपं आणून मांडली. जाड, मांसल पानांची, दिसायला देखणी. पंधरा दिवसांतून एकदा पाणी द्यायचं, बाकी त्यांच्याकडे बघूही नये. नोकरदार बाईला आणखी काय हवं?

"बाबा, यांना पाणी घालू नका हं," मी दहादा बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! मी कामावर गेले की स्वारी तांब्या घेऊन गच्चीत हजर. कुणाला तहानलेलं ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. महिन्याभरात सतरा रोपं मुळापासून सडली, आणि माझ्या जिभेला तर हाडच नाही. "घरात बसून नुसतं नुकसान!" असं बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले, तर बाबा पिशवी भरत होते.

"लेकीकडे जातो थोडे दिवस."

थोडे दिवस कसले! भर उन्हाळ्यात स्वेटरसुद्धा भरला होता.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सासूबाई आधीच गेलेल्या; तरी मी लॅबचा कोर्स केला तो याच माणसाच्या जिवावर. पहाटेची ड्युटी करून आले की माझ्या तान्ह्या लेकीला मांडीवर घ्यायचे, दुधाच्या बाटल्या उकळायचे. "मागे बघू नकोस, जा तू," म्हणायचे. आज मी दवाखान्यात रक्त तपासते ते त्यांच्यामुळे. पण हे त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मी तशीच मागे फिरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पालकाचं बी आणलं.

"बाबा, ह्याला रोज पाणी लागतं. मी कामावर, तुमचा मुलगा विसरभोळा. कोण घालणार?"

त्यांनी बी तळहातावर घेऊन निरखलं. "अगं, पण तुझी हौस?"

"खड्ड्यात गेली हौस. उरलेली पाच शेजारणीला देते. चुकले मी, बाबा. तुम्ही होतात म्हणून मी शिकले."

बराच वेळ ते बी चाळवत राहिले.

"मग मी राहू?" त्यांनी हळूच विचारलं.

घर त्यांनी बांधलेलं, दारावर पाटी त्यांच्या नावाची, आणि परवानगी माझी मागत होते. मला रडूच कोसळलं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या घरात मला राहू द्याल का, ते सांगा आधी."