अक्काचं एकच वर्ष

अक्का पॉलिटेक्निकात तिन्ही वर्षं दाराजवळच्या बाकावर बसली. वर्कशॉपचा निळा कोटसुद्धा तिनं विकत घेतला नाही; वरच्या वर्गातल्या एका मुलीचा मागून आणला. "एका वर्षासाठी नवा कशाला?" म्हणायची. तिला अकरावीला जाऊन पुढं इंजिनिअर व्हायचं होतं. पण अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दहावी होताच तिला डिप्लोमाला घातलं.

अण्णा निपाणीकडचे. यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथपुढं उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं. पोरीच्या हाताला लवकर काम मिळावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहिलं वर्ष संपल्यावर अक्का म्हणाली, "अण्णा, मी हे सोडते."

"एक वर्ष झालं की. आता कशाला मोडतेस?"

पुढच्या वर्षी म्हणाले, "दोन गेली, एकच उरलंय. स्वल्प थांब. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात म्हणे."

अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणून आत गेली. तिचं ते "सरी" इतकं हलकं असायचं की ती कबूल झाली की नुसती गप्प झाली, हे आम्हाला कधी कळलं नाही.

डिप्लोमा संपल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश तिला खरोखर मिळाला. पण त्याच उन्हाळ्यात अण्णांना लेथवरचं माप दिसेनासं झालं आणि ते घरी बसले. अक्कानं होसकोट्याला सुटे भाग तपासायची नोकरी धरली. "एकच वर्ष," म्हणाली. कंपनीच्या बसमध्ये जाताना ती गणितं सोडवायची आणि येताना झोपायची. आमचं येलहंका आलं की शेजारची बाई तिला हलवून म्हणायची, "उठा इंजिनिअरबाई, तुमचं कॉलेज आलं."

घरात ठरलं होतं की माझा डिप्लोमा होऊन मी कमवायला लागले, की अक्का शिकायला जाणार. म्हणून मीही त्याच पॉलिटेक्निकात गेले. मला इतिहास शिकायचा होता, पण घरी बोलले नव्हते. ड्रॉइंगच्या कागदाखाली ठेवून मी भलतंच पुस्तक वाचत होते, ते अक्कानं पाहिलं.

"किती दिवस काढणार आहेस अशी?"

"संपेपर्यंत."

"संपत नाही गं ते," ती म्हणाली.

त्या दिवशी जेवताना तिनंच विषय काढला. अण्णा म्हणाले, "एक वर्ष झालं की तिचं."

अक्कानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "हे मी ऐकलंय, अण्णा. तिला जाऊ द्या."

"आणि तुझं?"

"माझं बघू पुढच्या वर्षी."

त्याचा अर्थ तिघांनाही कळला. जूनमध्ये मी आर्ट्सला गेले आणि अक्का होसकोट्याला जात राहिली.

डेंग्यूनं ती गेली तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. भेटायला आलेल्या कारखान्यातल्या बायका सांगत होत्या, "दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी मी नसेन इथं. आम्ही चिडवायचो तिला, तू कुठली जातेस म्हणून." मग त्यातली एक उठून बाहेर गेली.

आता मी एमए करते आहे. परवा अण्णांनी विचारलं, "अजून किती राहिलं तुझं?"

"एक वर्ष."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नको वाटत असलं तर आत्ताच सांग, पोरी."