साडूभाऊंचं कोपर

आमच्या साडूभाऊंना स्वतःच्या दंडाचा जेवढा अभिमान आहे, तेवढा पिंपरी-चिंचवडातल्या कुठल्याही तालमीतल्या पैलवानाला नसेल. आता त्या दंडाचा घेर जेमतेम माझ्या मनगटाएवढा आहे, ही गोष्ट वेगळी.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. एका संध्याकाळी शिफ्ट संपवून निगडीला घरी येताना मोटारसायकलपुढे कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं, साडूभाऊंच्या मानेतला मज्जारज्जू दुखावला. पाय गेले. हात राहिले, पण अर्धेमुर्धे : कोपरात वाकायचे, सरळ मात्र व्हायचे नाहीत. पलंगावर पडल्या पडल्या हात वर उचलला की तो धप्पकन त्यांच्याच तोंडावर आदळायचा. "कुत्र्यानं सोडलं, आता हा मारतोय!" म्हणून स्वतःच हसायचे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं होतं, "काका, दंडाच्या मागच्या स्नायूपर्यंत थोडा निरोप पोचतोय. तो मेहनतीनं वाढवता येईल. बोटांपर्यंत काहीच पोचत नाही, तिथलं वचन मी देणार नाही." साडूभाऊंनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. हाताचं वजन हातालाच पेलवत नव्हतं, म्हणून तो टेबलावर ठेवून पुढे सरकवायचा होता. टेबलावर तो अडकायला लागला, तेव्हा यांनी माळ्यावरचा कॅरम काढायला लावला, त्यावर पावडर फासली आणि हात ठेवला. तेव्हापासून त्या घरातून कपड्यांवर पांढरे डाग न घेता कोणी बाहेर पडलेलं नाही. पाहुण्याला चहाच्या आधी दंड चाचपावा लागे. "इथं हात लावा. हललं का काही?" कोणालाच काही कळायचं नाही आणि प्रत्येक जण "हललं, हललं!" म्हणायचा. गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेल्या माणसानंही तशी ग्वाही दिली. खरं बोलायच्या त्या फक्त ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी. "काही हललेलं नाही. जेवून घ्या आता."

मग ताईंची कंबर धरली. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर त्याच त्यांना उचलत होत्या. त्या दिवसांत साडूभाऊ विनोद करायचे थांबले. मी भेटायला गेलो तर कॅरमवरून मान वर न करता म्हणाले, "राव, कोपर टेकून निम्मं वजन जरी मला घेता आलं ना, तरी ती नीट झोपेल." एवढंच बोलले आणि पुन्हा हात सरकवायला लागले.

पुढे एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. साडूभाऊ तळहाताला पट्ट्यानं बांधलेल्या चमच्यानं जेवत होते आणि मी वाढत होतो. त्यांचं पोट भरलं होतं, पण आमटीचा आग्रह करण्यात मी कोणाला ऐकत नाही. "अहो, बास म्हटलं ना!" असं ओरडत त्यांनी माझा हात ढकलला. वाटीभर आमटी माझ्या नव्या पांढऱ्या पॅन्टवर. बायको ओरडली. पण ताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या साडूभाऊंच्या कोपराकडे बघत होत्या. ते चक्क सरळ झालं होतं.

"अहो, हललं!" ताई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसल्या.

साडूभाऊंनी मला आणखी चार वेळा आमटी वाढायला लावली आणि चारही वेळा ढकलली.

आता ते पलंगावरून खुर्चीवर टेकवलेल्या गुळगुळीत फळीवरून स्वतःला रेटत खुर्चीत येतात. ताई नुसता आधार देतात. बोटं मात्र मिटलेली ती मिटलेलीच. त्या गोष्टीबद्दल ते बोलत नाहीत आणि आम्ही विषय काढत नाही.

परवा निघताना ते आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आले. खुर्चीची चाकं स्वतःच ढकलत, डावीकडे कलत कलत. माझी बायको मदतीला पुढे झाली, तर ताईंनी तिचा हात धरला. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. साडूभाऊंनी निरोपाचा हात उचलायला घेतला. दार मिटू लागलं तेव्हा तो जेमतेम खांद्यापर्यंत पोचला होता.

मी दार धरून ठेवलं. लिफ्ट कोकलत राहिली. खालच्या मजल्यावर कोणीतरी लिफ्टचं दार बडवलं. हात सावकाश वर गेला, डोक्याच्याही वर, थरथरत पण सरळ. टोकाला ती मिटलेली बोटं.

"या आता," साडूभाऊ म्हणाले. मग मी दार सोडलं.