खून आला की चहा

कादंबरीत खून जवळ आला की गजाननकाकांना चहाची तलफ यायची. वाचता वाचता आवाज उतरायचा, बोट एका ओळीवर अडायचं आणि पुस्तक माझ्या मांडीवर यायचं. "घे गो पोरी, तुझा पार्ट आला. मी आधण ठेवतो." आत स्टोव्ह पेटला की बाहेर मी माणूस मारायला घ्यायचे. थोड्या वेळाने आतून प्रश्न, "मेला का?" मी "मेला" म्हटलं की काका कपांचा ट्रे घेऊन बाहेर.

काका नारपोलीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. जॉबर होते, म्हणजे कारखान्यातले बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारे. जन्म खडखडाटात गेल्यामुळे साधं "जेवलीस का" सुद्धा धामणकर नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारायचे. शुक्रवारी सुट्टी, आजूबाजूचे सगळे लूम बंद, त्यामुळे त्या दिवशी माणसाला माणसाचं ऐकू यायचं. त्या दुपारी काका ओट्यावर बसून जमलेल्या शेजाऱ्यांना इन्स्पेक्टर सरंजाम्यांची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. ही मालिका माझ्या जन्माआधीपासून चालू होती आणि तिच्यात रक्ताला तोटा नव्हता. गळे चिरलेले, खाडीत पोती सापडलेली. आणि वाचणारा असा की वनिताकाकू सगळ्यांसमोर ऐकवायच्या, "बोंबील साफ करायचं मी, कोंबडी कापाया बाजूचा येतो, नि यांना वाचाया मुडदं पायजेत!"

काका हसायचे. "अगो, मना मुडदा न्हाय पायजे. कोनी केला ते पायजे."

आधी ते खुनाची पानं सरळ गाळायचे. "हितं मारामारी हाय, फुडं जाऊ." कुणाची हरकत नव्हती. पण एकदा सरंजाम्यांनी खुनी पकडला तो डावखुरा म्हणून, आणि ओट्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. डावखुरा कुठून आला? जखम कुठल्या बाजूला होती ते गाळलेल्या पानात राहिलं होतं. समोरच्या कारखान्यातले सलीमभाई उखडलेच. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, ऐकून मात्र सगळं कळायचं. "चाचा, आधा मर्डर तो आप खुद खा गए! हम क्या खाक पकडेंगे?"

काका ओशाळले. पुढच्या शुक्रवारी कादंबरीत सुरा निघाला तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुस्तक मला दिलं. दोन हजार तीन-चार साल असेल. मी एस.वाय.ला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते. पण वर्गात हजेरीला "यस सर" म्हटलेलं सरांपर्यंत पोचायचंच नाही. ओट्यावरचा पहिला खून मी पुटपुटतच केला. "चिल्ला के पढो बेटी," सलीमभाई म्हणाले, "वो मर रहा है, सो नहीं रहा."

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "कॉलेजात घातली ती लोकांचे गळे कापायला?"

"वयनी, पोरीचा आवाज ऐका जरा," काका म्हणाले. "उद्या सायबासमोर बोलाया लागल, तवा कलेल तुमाला."

आज मी दापोड्याला एका गोदामाचं ऑफिस सांभाळते. ट्रकवाल्यांसमोर माझा आवाज कसा लागतो ते आईने एकदा येऊन पाहिलं. घरी जाताना तिने पेढे घेतले.

काकांचा जीव सरंजाम्यांवर नव्हताच, त्यांच्या हवालदारावर होता. भिकाजी त्याचं नाव. छत्री विसरणारा, साहेबांची बोलणी खाणारा. "इन्स्पेक्टर काय, सायेब मानूस. भिकाजी आपला हाय." भिकाजीवर कुणी पिस्तूल रोखलं की काका आधी पुढची पानं चाळून त्याचं नाव आहे ना ते बघून घ्यायचे, मगच धीर करून पुढे.

नंतर शुगरने काकांची नजर गेली. सगळीच पानं माझ्याकडे आली, चहा काकूंकडे गेला. तरी खून आला की काका भिंत चाचपत आत जाऊन बसायचेच.

आणि मग ती कादंबरी आली. एका प्रकरणाच्या शेवटी भिकाजीच्या पोटात सुरा गेला. मी थांबले.

"फुडं नाव हाय का बघ," काका म्हणाले.

मी पानं चाळली. पुढे भिकाजीची टोपी होती, भिकाजीची बायको होती. भिकाजी नव्हता.

"काका, तुम्ही आत जा. मी वाचते."

काका भिंत धरून उठले, क्षणभर उभे राहिले आणि परत खाली बसले. "कुठं जाऊ? आपला मानूस हाय तो. त्याच्यापाशी बसतो. वाच तू. काय गालू नको."

मी वाचलं. लेखकाने त्याला सुखाने मरूही दिलं नव्हतं. काका गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसले होते. त्या दिवशी त्यांनी "मेला का" विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बरं झालं. एकटा न्हवता."

पुढच्या वर्षी काकांचा पाय चिघळला. ज्या दवाखान्यात नेलं तिथून ते परत आले नाहीत. पण मला आठवते ती तिथली एक सकाळ. पायाचं बँडेज सोडायला नर्स आली आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या. बघवणार नाही तुम्हाला."

काका डोळे मिटूनच हसले. "जा गो. ह्यो तुझा पार्ट न्हाय."

मी स्टूल कॉटजवळ ओढलं, पिशवीतून नवा सरंजामे काढला आणि नाक्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचायला घेतला. नर्सने डोळे वटारले, पण थांबवलं नाही. तिसऱ्याच पानावर एकाच्या पाठीत कुऱ्हाड बसली. काकांनी दात आवळले होते. माझी बाही घट्ट धरून त्यांनी विचारलं, "मेला का?"

"नाही काका," मी म्हटलं. "अजून आहे."