मीच मला बाहेर काढलं, तो सामना

बाहेरच्या क्लबांसाठी गोल करून मी बरीच वर्षं पोट भरलं. गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा अकोल्यात जठारपेठेत बिऱ्हाड केलं आणि एक फुटबॉल संघ हाती घेतला. कोच मीच, स्ट्रायकरही मीच. सवय अशी सहज सुटते थोडीच!

थोरला भाऊ चांदूर रेल्वेला शेती करतो. माझ्या वाट्याची कामंही त्यानंच ओढली, म्हणून मला खेळता आलं. पण त्यानं माझा एकही सामना मैदानावर येऊन पाहिला नव्हता. यंदा स्पर्धा अमरावतीत होती. मी फोन केला, "दादा, हा शेवटचा. मंग मी खेयनं सोडून देतो."

शेतातली उभी तूर सोंगायची टाकून तो आला. त्याच्यासमोर एक गोल मारायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उत्तरार्धात आम्ही एका गोलानं मागे होतो. दोनदा चेंडू समोरून गेला आणि मी पोचलो नाही. दुसरा कोणी असता तर मी त्याला केव्हाच बाहेर बोलावलं असतं. पण आपला तो बाब्या! स्वतःचाच इतका राग आला की तसाच पंचांकडे गेलो आणि बदलीसाठी माझाच नंबर सांगितला. एकदा बाहेर पडलं की परत आत नाही, हे ठाऊक होतं.

माझ्या जागी कापडाच्या दुकानात काम करणारा आमचा राखीव गडी गेला. पहिल्याच संधीला त्यानं चेंडू गोलावरून उडवला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी ओरडलो, "जागा सोडू नको! तिथंच राय!" शेवटी शेवटी चेंडू त्याच्या नडगीला लागून आत गेला. बरोबरी झाली. गोल माझा नव्हता याचं वाईट वाटलंच, पण घसा बसेपर्यंत ओरडलो.

सामना संपला तसा भाऊ तणतणत आला. "तुले काहून काढलं?"

"कोचनं काढलं."

"कोनता कोच? दाखव मले."

"मीच हाव ना, दादा."

तो माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहत राहिला.

"मंग बराबर केलं," तो म्हणाला. "तुह्याच्यानं पयनंच होऊन नोतं रायलं."